शिंके आणि फास

आमच्या जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या वाशाला शिंके टांगलेले असे. काथ्याच्या चार-सहा दोऱ्या, वर एक गाठ, खाली एक वेढा आणि त्या वेढ्यात दह्याचे मडके. मांजराची झेप आणि मुंग्यांची रांग या दोहोंपासून ते मडके सुरक्षित राही आणि घरच्या बाईला मात्र ते सहज उतरविता येई. हे शिंके प्रथम कोणी विणले याची इतिहासाने नोंद ठेवलेली नाही. परंतु ज्याने विणले त्याने रचनेचे सगळे प्रश्न सोडविले होते हे मान्य करावे लागेल. कमीत कमी साहित्यात जास्तीत जास्त भार पेलावा, वस्तू घट्ट धरावी पण हवी तेव्हा सोडावी, आणि स्वतःचे आयुष्य संपल्यावर कोणाच्या वाटेत येऊ नये. धुराने काळे पडून जीर्ण झालेले शिंके न्हाणीच्या चुलीत जाई किंवा माडाच्या आळ्यात कुजे. माडापासून आलेली वस्तू माडाच्या मुळाशी परत जाई. या शेवटच्या प्रवासाचा विचार निराळा करावा लागत नसे. तो काथ्याच्या अंगीच होता.

या शिंक्याची आठवण होण्यास कारण त्याचा एक दूरचा, समुद्रापलीकडचा भाऊबंद आहे. बिअरचे अथवा शीतपेयाचे सहा कॅन एकत्र बांधून विकण्याची जी रीत अमेरिकेत रूढ झाली, तिच्यासाठी पातळ, पारदर्शक आणि लवचीक प्लास्टिकची एक पट्टी वापरली जाते. दोन ओळींत तीन-तीन अशी सहा कडी त्या पट्टीत कापलेली असतात. प्रत्येक कड्यात एक कॅन अडकतो आणि मधल्या भोकांत दोन बोटे घातली की सहाही कॅन एकदम उचलले जातात. पट्टीचे स्वतःचे वजन काही ग्रॅमच. ती उचलते तो भार मात्र सव्वादोन किलोंच्या घरातला. आपल्या बाजारात ही सहा कड्यांची पट्टी फारशी दिसत नाही. पण तिची सख्खी बहीण, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या गठ्ठ्याभोवती उष्णतेने आवळून बसविलेले प्लास्टिकचे आवरण, म्हापशापासून काणकोणपर्यंत कोणत्याही दुकानाच्या पायरीवर आढळते. म्हणूनच या परदेशी पट्टीची कथा आपल्याही उपयोगाची आहे.

वस्तू जोडीने बांधून विकण्याची कल्पना प्लास्टिकच्या आधीची आहे. कोका-कोला कंपनीने सहा बाटल्यांची पुठ्ठ्याची पेटी बाजारात आणली ती १९२३ साली. १९३५ च्या जानेवारीत अमेरिकेत बिअर प्रथमच पत्र्याच्या डब्यातून विकली गेली. डबा बाटलीपेक्षा हलका, न फुटणारा आणि एकावर एक रचता येणारा. त्याचा प्रसार होणे क्रमप्राप्तच होते. हे डबे एकत्र धरण्यासाठी आरंभी कागद, पुठ्ठा आणि धातू यांचे धारक वापरले जात. दरम्यान इंग्लंडमध्ये आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन या दोघांना १९३३ साली, भलताच प्रयोग करीत असता, पात्रात मेणासारखा एक पांढरा पदार्थ सापडला. तोच पॉलिएथिलीन. पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात इलिनॉय टूल वर्क्स या शिकागोच्या कंपनीसाठी ज्यूल्स पूपिच यांनी या पदार्थाच्या पातळ पत्र्यातून कड्यांची पट्टी कापण्याची युक्ती काढली. कंपनीच्या हाय-कोन या विभागाने ती जगभर नेली, आणि १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेत कागदी व धातूच्या धारकांची जागा बव्हंशी या पट्टीने घेतली.

ती तशी का घेतली, हे समजून घेतल्यावाचून तिच्यावर टीका करणे अन्यायाचे होईल. या पट्टीत गाठ नाही, गोंद नाही, खिळा नाही. तिचे सारे बळ एका साध्या तत्त्वात आहे: कडे डब्यापेक्षा लहान कापावयाचे. कारखान्यात कॅन ओळीने पुढे सरकत असतात आणि त्यांच्या वर एक मोठे चक्र फिरत असते. त्या चक्राचे जबडे पट्टी दोन्ही बाजूंनी ताणतात, ताणलेली कडी डब्यांवर दाबून बसवितात आणि सोडून देतात. सुटलेले प्लास्टिक आपल्या मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते. पण वाटेत डबा असल्यामुळे ते त्याला आवळून बसते. डब्याच्या वरच्या काठाखाली जी मान आत गेलेली असते, तिथे ही पकड पक्की होते. ताणले जावे पण तुटू नये, आणि सोडल्यावर मागे यावे पण सैल पडू नये, या दोन परस्परविरोधी गुणांचा मेळ कमी घनतेच्या पॉलिएथिलीनमध्ये उत्तम साधतो.

यातील बारकावे पाहिले तर कारागिराचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. कड्याच्या आतल्या कडेला जरा जरी चीर राहिली तरी ताण पडताच ती तिथून फाटत जाते. म्हणून प्रत्येक कोपरा गोलाईचा ठेवावा लागतो. पट्टी जाड केली तर प्लास्टिक वाया जाते आणि ग्राहकाला डबा ओढून काढणे कठीण. पातळ केली तर दुकानातून घरी जाताना वाटेतच डबे रस्त्यावर गडगडायचे. उन्हात तापलेल्या मालमोटारीत ती सैल पडता कामा नये आणि शीतकपाटाच्या गारठ्यात ठिसूळ होता कामा नये. ओल्या डब्यावरून ती घसरता कामा नये. कड्यांतून कापून निघालेले तुकडे पुन्हा वितळवून कामी लावता येतात, म्हणजे कारखान्यात कचराही फारसा उरत नाही. तेवढेच काम करणाऱ्या पुठ्ठ्याच्या पेटीशी तुलना केली तर साहित्य कमी, वजन कमी, वाहतुकीचा खर्च कमी. काटकसर हा जर रचनाशास्त्राचा धर्म असेल, तर ही पट्टी त्या धर्माचे आदर्श उदाहरण होय.

मग बिघडले कोठे? बिघडले ते इतकेच की, रचनाकाराने या पट्टीच्या प्रवासाचा जो नकाशा काढला त्यात शेवटचे पान नव्हते. कारखाना, मालमोटार, दुकान, ग्राहकाचा हात, घरचे शीतकपाट, एवढे सर्व मुक्काम त्याने विचारात घेतले. सहावा कॅन ओढून काढला की त्याच्या लेखी काम संपले. वास्तविक पट्टीचे दीर्घ आयुष्य तिथूनच सुरू होते. दोन दिवस डबे धरून ठेवण्यासाठी जो न तुटण्याचा गुण तिच्यात मुद्दाम घातला, तोच आता कोणाच्या गळ्याशी येतो. पॉलिएथिलीन पाण्याहून हलके असल्यामुळे पट्टी तरंगते. पारदर्शक असल्यामुळे पाण्यात दिसत नाही. आणि तिची कडी नेमकी पक्ष्याची मान, माशाचे अंग किंवा लहान कासवाचे कवच आत शिरेल अशा मापाची असतात. डबा काढला तरी कडे कडेच राहते. शिंक्यातून मडके काढले की दोऱ्या मिटून लोंबत राहतात. येथे मात्र उघडे तोंड करून फास वाट पाहत असतो.

१९९३ साली अमेरिकेच्या मिसुरी राज्यात एक गोड्या पाण्यातील कासवी सापडली. लहानपणी कधी तरी ती अशा एका कड्यात शिरली होती. ती वाढत गेली, कडे वाढले नाही. परिणामी तिचे कवच मध्यभागी आवळले जाऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखे झाले होते. कडे कापून काढल्यावरही कवचाचा आकार पालटला नाही. लोकांनी तिचे नाव शेंगदाण्यावरून ‘पीनट’ असे ठेवले आणि त्या राज्याच्या संवर्धन खात्याने तिला कचराविरोधी मोहिमेचे प्रतीक केले. ज्यांनी तिचे छायाचित्र पाहिले आहे त्यांना या अग्रलेखाचे पुढचे परिच्छेद न वाचताही आमचे म्हणणे कळेल.

तथापि भावनेच्या भरात प्रमाण सुटता कामा नये. समुद्रातील जीव ज्या वस्तूंत अडकून मरतात त्यांत या पट्ट्यांचा वाटा लहान आहे. समुद्रात हरवलेली अथवा टाकून दिलेली मासेमारीची जाळी आणि दोर यांचा संहार कितीतरी मोठा आहे, आणि त्या बाबतीत आपल्या किनाऱ्यावरील ट्रॉलरवाल्यांनी दुसऱ्याकडे बोट दाखविण्यासारखी स्थिती नाही. १९८६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावरून सुरू झालेल्या आणि पुढे आंतरराष्ट्रीय झालेल्या किनारा-सफाई मोहिमेत वेचलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवतात. तिच्यात या पट्टीसाठी स्वतंत्र रकाना असला तरी सिगारेटची थोटके, बाटल्या आणि बाटल्यांची बुचे यांचे ढीग तिच्यापुढे फार मोठे असतात. हे सारे खरे. तरीही या पट्टीचा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो, तो तिच्यापासून मिळणाऱ्या धड्यासाठी. एक लहान वस्तू, एक स्पष्ट दोष आणि तो दूर करण्याचे अनेक दशकांचे प्रयत्न येथे आपल्यासमोर स्वच्छ मांडलेले आहेत. कोणते प्रयत्न फसले आणि का फसले, हे पाहता येते.

पहिला प्रयत्न उपदेशाचा. ‘पट्टी टाकण्यापूर्वी कात्रीने तिची कडी कापा,’ असे ग्राहकांना वर्षानुवर्षे सांगण्यात आले. शाळेतल्या मुलांनी घरोघरी जाऊन ते सांगितले. सल्ला वाईट नाही. आज कोणाच्या हाती अशी पट्टी आली तर त्याने ती अवश्य कापावी. परंतु या सल्ल्याचा तर्क तपासून पाहा. एका यंत्राने लाखो कडी कापावयाची आणि लाखो माणसांनी कात्री घेऊन ती पुन्हा कापीत बसावयाचे! समुद्रकिनारी वाळूवर बसून बिअर पिणाऱ्या माणसाच्या खिशात कात्री असेल अशी अपेक्षा ज्याने केली, त्याने माणूस पाहिलेला नाही. दोष आखणीत आणि प्रायश्चित्त गिऱ्हाइकाला, हा प्रकार म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिवाय कापलेली पट्टी फास राहिली नाही तरी प्लास्टिक राहतेच.

दुसरा प्रयत्न कायद्याचा. अमेरिकेतील अनेक राज्यांनी आधीच आपापले निर्बंध घातले होते. १९८८ साली तेथील काँग्रेसने संपूर्ण देशासाठी कायदा केला आणि १९९४ साली त्याखालील नियम आले. अशी कड्यांची पट्टी बनवावयाची तर ती उन्हाने विघटित होणारी असली पाहिजे, असा त्याचा आशय. कसोटीही नेमकी ठरविण्यात आली. जून-जुलै महिन्यांत २६ अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेस, म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या समुद्रात, ३५ दिवस ठेवल्यावर अथवा प्रयोगशाळेत २५० तास ठराविक अतिनील प्रकाश दिल्यावर, पट्टी तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या ५ टक्क्यांहून अधिक ताणली जाऊ नये. हे साधण्यासाठी पॉलिएथिलीन बनवितानाच त्याच्या साखळीत कार्बन मोनॉक्साइडचा अल्प अंश गुंफतात. तो अंश सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेतो, तिथे साखळी तुटते आणि जी पट्टी रबरासारखी ताणली जात होती ती वाळक्या पानासारखी मोडू लागते.

हा कायदा निरर्थक होता असे आम्ही म्हणणार नाही. अडकलेल्या जिवाला सुटकेची संधी मिळाली, हे त्याचे यश. उद्योगधंद्यालाही ते जमले. म्हणजे ‘हे अशक्य आहे’ ही कारखानदारांची नेहमीची सबब येथे टिकली नाही. परंतु दोन गोष्टी उघड आहेत. एक, कसोटी जून-जुलैच्या प्रखर उन्हाची आहे. वाळूखाली गाडलेल्या, शेवाळात गुंतलेल्या किंवा हिवाळ्यातील ढगाळ किनाऱ्यावर पडलेल्या पट्टीला ते ऊन लाभत नाही. आणि गळ्यात फास अडकलेल्या पक्ष्याला ३५ दिवस थांबण्याची सवड कोण देणार? दुसरी गोष्ट अधिक मूलगामी. पट्टी मोडली म्हणजे नाहीशी झाली असे नव्हे. तिचे तुकडे झाले, तुकड्यांचे कण झाले. ज्या सूक्ष्म प्लास्टिक-कणांविषयी आज जगभरचे शास्त्रज्ञ चिंता व्यक्त करीत आहेत, त्यांतच ही भर पडली. फास गेला, घास आला. जे कासवाच्या गळ्याला लागत होते ते माशाच्या पोटात जाऊ लागले.

याच डब्याच्या बाबतीत याच काळात घडलेली दुसरी एक गोष्ट अत्यंत बोधप्रद आहे. कॅन उघडण्यासाठी ओहायोतील अर्मल फ्रेझ यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ओढून काढण्याची धातूची कडी आणली. सोय मोठी झाली, उघडणी बाळगण्याची गरज उरली नाही. पण ओढून काढलेली कडी लोक जागच्या जागी टाकू लागले. बागांत, रस्त्यांवर, समुद्रकिनाऱ्यावर तिचा खच पडला. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय कापू लागले, मुले व जनावरे ती गिळू लागली. येथेही उपदेश झाले आणि बंदीचे कायदे झाले. पण प्रश्न सुटला तो १९७५ साली, रेनॉल्ड्स मेटल्स कंपनीच्या डॅनियल कुडझिक यांनी जेव्हा अशी चाप काढली की जी डबा उघडते आणि डब्यालाच चिकटून राहते. आज आपल्या हाती येणाऱ्या प्रत्येक कॅनवर तीच चाप असते. कोणाला उपदेश करावा लागत नाही, कोणावर पहारा ठेवावा लागत नाही. माणसाचा आळस गृहीत धरून केलेली आखणी माणसाच्या सद्गुणांवर विसंबलेल्या आखणीपेक्षा श्रेष्ठ ठरली. युरोपीय संघाने २०२४ च्या जुलैपासून प्लास्टिकच्या बाटल्यांची बुचे बाटलीलाच जोडलेली असावीत असा जो दंडक घातला, तो याच शहाणपणाचा पुढचा अध्याय आहे.

डबे बांधणाऱ्या पट्टीच्या बाबतीत हे शहाणपण यायला मात्र फार उशीर झाला. फ्लोरिडातील एका लहान बिअर-कारखान्याने २०१६ साली धान्याच्या चोथ्यापासून बनविलेली कडी लोकांपुढे आणली. बिअर गाळून उरलेला गहू आणि जव हाच तिचा कच्चा माल. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग कंपनीने २०१८ साली पट्टी काढूनच टाकली आणि सहा कॅन गोंदाच्या ठिपक्यांनी एकमेकांना चिकटविले. त्यामुळे या बांधणीतील प्लास्टिक ७६ टक्क्यांपर्यंत कमी होते, असे कंपनीचे म्हणणे. गिनेस या प्रसिद्ध बिअरच्या कंपनीने २०१९ साली आपल्या गठ्ठ्यांवरील प्लास्टिकऐवजी पुठ्ठा वापरण्याचे जाहीर केले. काही जण जाड प्लास्टिकची, डब्यांच्या माथ्यावर टोपीसारखी बसणारी आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारी मूठ वापरतात. मूळ पट्टीच्या कारखानदारांनीही पुनर्वापरातील प्लास्टिकचा अंश वाढविण्यास आरंभ केला.

यांतील एकही उपाय निर्दोष नाही. गोंद इतका पक्का हवा की मालमोटारीच्या धक्क्यांनी डबे सुटू नयेत आणि इतका हलका हवा की साध्या पिळ्याने ते सुटावेत; शिवाय बर्फाच्या पाण्यात भिजूनही त्याने दगा देता कामा नये. पुठ्ठ्याचा वैरी ओल. शीतकपाटातून काढलेल्या डब्यावर दव जमते आणि पुठ्ठा लिबलिबीत होतो. आषाढातील आमच्या हवेत तर तो न भिजताच नरम पडेल. म्हणून ओल सोसणारा विशेष पुठ्ठा करावा लागतो, आणि त्यासाठी झाडे, पाणी व इंधन लागतेच. चोथ्याची कडी महाग पडतात. जाड मूठ परत आली तरच तिचा उपयोग. न आली तर पट्टीपेक्षा अधिक प्लास्टिक वाया. असे असूनही या सर्व प्रयत्नांत एक समान सूत्र आहे, आणि तेच आम्हांस स्वागतार्ह वाटते. येथे रचनाकाराने नकाशाचे शेवटचे पान उघडले आहे. वस्तू कशी धरील याबरोबरच ती सुटल्यावर कोठे जाईल, हा प्रश्न त्याने आरंभीच स्वतःला विचारला आहे.

याहून पुढचा एक प्रश्न मात्र रचनाकाराच्या हाती नाही. सहा कॅन एकत्र बांधावयाचे कशासाठी? कारखान्यातून दुकानापर्यंत माल नीट जावा म्हणून बांधणी हवी, हे समजते. पण ग्राहकाने एका ऐवजी सहा घ्यावेत म्हणून केलेली बांधणी ही सोयीच्या नावाखाली केलेली विक्रीची युक्ती होय. युरोपीय संघाने २०२५ साली वेष्टनांविषयी जो नवा नियम केला, त्याने नेमका हाच भेद ओळखला. एकाहून अधिक नग घेण्यास ग्राहकाला सोय अथवा उत्तेजन म्हणून बाटल्या, डबे यांच्याभोवती दुकानात वापरले जाणारे एकदाच वापराचे प्लास्टिक तेथे २०३० पासून बंद होणार आहे; माल हाताळण्यासाठी जे आवश्यक ते वगळले आहे. प्लास्टिक सरसकट वाईट की चांगले या निष्फळ वादात न शिरता, ते कोणत्या कामासाठी वापरले जाते हे पाहण्याची ही दृष्टी आम्हांस अनुकरणीय वाटते.

आता आपल्या घराकडे वळू. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापराच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. पेले, ताटल्या, चमचे, पेयाच्या नळ्या आणि फुग्यांच्या काड्या त्या यादीत आहेत. मिठाईचे डबे, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे यांवरचे पातळ आवरणही आहे. परंतु बाटल्यांच्या वा कॅनच्या गठ्ठ्याभोवतीचे आवरण त्या यादीत नाही आणि कड्यांची पट्टीही नाही. लग्नपत्रिकेवरील प्लास्टिक समाजाला घातक आणि पाण्याच्या बारा बाटल्यांवरचे निरुपद्रवी, हा न्याय आमच्या आकलनापलीकडचा आहे. उत्पादकाने आपल्या वेष्टनाची जबाबदारी शेवटपर्यंत घ्यावी असे तत्त्व २०२२ च्याच मार्गदर्शक नियमांत आले आहे आणि लवचीक प्लास्टिकचा स्वतंत्र वर्गही तेथे केलेला आहे. तत्त्व योग्य आहे. पण कागदावरची जबाबदारी आणि केरीच्या वाळूवर उडत आलेले आवरण यांची गाठ अद्याप पडावयाची आहे.

गोव्याला या प्रश्नाची निकड इतरांहून अधिक असण्याचे कारण सांगण्याची गरज नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यासाठी येतात. त्याच किनाऱ्यांवर पर्यटकही येतात, आणि त्यांच्या हाती बाटली असते वा कॅन असतो. आज दिलासा एवढाच की, बाटल्यांच्या गठ्ठ्याचे आवरण बहुधा दुकानात किंवा हॉटेलच्या कोठीतच फाडले जाते. ते वाळूपर्यंत सहसा जात नाही. ते स्वच्छ असते, एकाच जातीच्या प्लास्टिकचे असते आणि ठराविक जागी साठते. म्हणजे गोळा करण्यास यासारखा सोपा कचरा नाही. कड्यांच्या पट्टीचे तसे नाही. ती ग्राहकाच्या हाताबरोबर थेट पाण्याच्या काठापर्यंत जाते. कॅनचा खप वाढत असता कोणी विक्रेता उद्या ही पट्टी येथे रूढ करील, तेव्हा तिला हुसकावणे कठीण होईल. जे अजून घरात शिरलेले नाही त्याला उंबरठ्यावर अडविणे सोपे असते.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. केंद्राने बंदीची यादी पुन्हा हाती घेईल तेव्हा बाटल्या व डबे बांधणारी कड्यांची पट्टी तीत घालावी, आणि विक्रीच्या प्रलोभनासाठी केलेल्या गठ्ठ्यांच्या आवरणाचाही विचार करावा. रिकामी वेष्टने परत आणणाऱ्यास ठेव परत मिळावी अशी योजना आपल्या राज्य सरकारने २०२४ साली अधिसूचित केली. अशा योजनेत बाटलीबरोबर बाटल्यांना बांधणाऱ्या वस्तूचाही हिशेब व्हावा. दुकानदार आणि हॉटेलवाले यांनी गठ्ठ्याचे आवरण आपल्याच आवारात काढून, साठवून, ते नेणाऱ्याच्या स्वाधीन करावे; पंचायतींनी आणि पालिकांनी ते ठरलेल्या दिवशी नेण्याची व्यवस्था करावी. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही, शिस्तीची आहे.

ही शिस्त आपल्याला परकीही नाही. सोड्याच्या काचेच्या बाटल्या चोवीसच्या क्रेटमधून दुकानात येतात आणि रिकाम्या होऊन त्याच क्रेटमधून कारखान्यात परत जातात. तो क्रेटही आज प्लास्टिकचाच असतो. परंतु तो किनाऱ्यावर पडलेला आढळत नाही, कारण त्याला परतीची वाट आहे आणि तो हरवला तर कोणाचे तरी पैसे जातात. यावरून दिसेल की प्रश्न केवळ पदार्थाचा नाही. वस्तूला धनी असला पाहिजे आणि तिला घरी परतण्याचा रस्ता असला पाहिजे. काथ्याच्या शिंक्याला तो रस्ता निसर्गानेच दिला होता. माणसाने बनविलेल्या पदार्थाला तो माणसानेच आखून द्यावा लागतो, आणि तो वस्तू बाजारात आणण्यापूर्वी आखावा लागतो. अनेक दशके मागाहून धावपळ करून अमेरिकेला जे पुरते साधले नाही, ते आरंभीच थोडा विचार करून आपल्याला साधता येण्याजोगे आहे. मोरजीच्या वाळूतून निघून पहिल्यांदाच समुद्राकडे जाणाऱ्या कासवाच्या पिल्लाला आपल्या सदिच्छा नकोत; त्याच्या वाटेत फास नसला म्हणजे पुरे.